दहाच्या ठोक्यानंतरचे सुरत

नवापूर स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातेत. सुरत–भुसावळ मार्गाने ये-जा करणाऱ्या खान्देशी माणसाला ही गंमत लहानपणापासून ठाऊक असते. बाकाच्या या टोकाला बसलं की एक राज्य, त्या टोकाला सरकलं की दुसरं. करोनाच्या काळात मात्र ती रेघ खरीच उमटली. महाराष्ट्र सरकारने २५ नोव्हेंबर २०२०पासून गुजरातहून रेल्वेने येणाऱ्यांकडे ९६ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल मागायला सुरुवात केली. चार महिन्यांनी गुजरातने परराज्यातून येणाऱ्या सगळ्यांसाठी १ एप्रिल २०२१पासून ७२ तासांच्या आतला अहवाल सक्तीचा केला. सुरतेत लूम चालवणाऱ्या आणि वडिलांच्या दहाव्याला धुळ्याकडे निघालेल्या माणसाला आता जाताना एक कागद लागत होता आणि येताना दुसरा.

लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा या भागांत राहणारे आम्ही मराठी लोक त्या दोन वर्षांत दोन राज्यांचं राजकारण एकाच वेळी ऐकत होतो. घरातल्या टीव्हीवर मुंबईच्या मराठी वाहिन्या आणि चहाच्या टपरीवर सुरतचं गुजराती वर्तमानपत्र. महाराष्ट्रात भाजप विरोधी पक्षात होता. निर्बंध जाचक आहेत, हॉटेलवाले मरताहेत, देवळं उघडा, असं तो तिथे म्हणत होता. गुजरातेत तोच पक्ष सत्तेवर होता आणि जवळपास तसेच निर्बंध लावत होता. इथे काँग्रेस आणि नंतर आम आदमी पक्ष सरकारला धारेवर धरत होते, आणि तिकडे काँग्रेस स्वतः सरकारात होती. टीकेचे मुद्दे तेच राहिले, बोलणारी तोंडं तेवढी सीमेवर बदलली. म्हणून या टीकेचा आढावा घेताना ती कोणत्या पक्षाने केली याला मी फारसं महत्त्व देणार नाही. कुणाची टीका खरी ठरली आणि कुणाच्या वाट्याची टीका कुणी केलीच नाही, हे पाहणं मला अधिक गरजेचं वाटतं.

सुरुवात जेवणापासून करतो, कारण हे शहर त्यासाठीच ओळखलं जातं. जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, अशी म्हण गुजरातीत आहे. सकाळी लोचो आणि खमण, थंडीत पोंक, चांदणी पडव्याच्या रात्री उघड्यावर बसून खाल्लेली घारी, रविवारी रात्री कुटुंबासकट बाहेर जेवण. दारूबंदीच्या राज्यात हॉटेल म्हणजे फक्त जेवण. महाराष्ट्रातला वाद त्यामुळे इथे त्याच रूपात आलाच नाही. तिकडे ५ ऑक्टोबर २०२०ला उपाहारगृहं आणि बार निम्म्या क्षमतेने उघडले, देवळं बंद राहिली. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहून त्याचा जाब विचारला, आणि तुम्ही अचानक ‘सेक्युलर’ झालात का, असंही विचारलं. गुजरातेत हॉटेलं आणि देवळं दोन्ही जूनमध्येच, केंद्राच्या पहिल्या शिथिलीकरणाबरोबर उघडली होती. इथलं भांडण वेळेवरून होतं.

दिवाळीनंतर, २१ नोव्हेंबर २०२०पासून, सुरतेत रात्री नऊ ते सकाळी सहा संचारबंदी लागली. पुढे सव्वा वर्ष तो तास पुढेमागे होत राहिला. दुसऱ्या लाटेत तो रात्री आठपर्यंत खाली आला, आणि एप्रिलच्या शेवटी हॉटेलात बसून जेवणंच बंद झालं, फक्त पार्सल उरलं. ११ जून २०२१पासून निम्म्या क्षमतेने बसायला परवानगी मिळाली, पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात एवढीच. सुरतेत कापड बाजार उठतो तेव्हा सात वाजून गेलेले असतात. नऊच्या आधी जेवायला बाहेर पडणारं कुटुंब इथे शोधावं लागेल. सातची मर्यादा म्हणजे रात्रीचा धंदा बंदच, असं हॉटेलवाले म्हणत होते, आणि ते बरोबर होतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. बंद खोलीत, वातानुकूलित हवेत, तोंडावरचा मास्क काढून तासभर बसणं हे त्या आजारासाठी खरोखर धोक्याचं होतं. चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका उपाहारगृहात जानेवारी २०२०मध्ये शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतले दहा जण बाधित झाले होते, आणि तो अभ्यास जगभर वाचला गेला. त्यामुळे हॉटेलांवर बंधन घालणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. घड्याळ लावण्याच्या पद्धतीबद्दल मात्र शंका घ्यायला जागा होती. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२०पासून पब रात्री दहाला बंद करायला लावले, तेव्हा सगळे एकाच मिनिटाला रस्त्यावर येतात अशी तक्रार तिथेही झाली. खिडक्या उघड्या ठेवा, टेबलं अंगणात मांडा, गच्चीला परवानगी द्या, असा हवेचा विचार करणारा नियम केला असता तर धंदाही चालला असता आणि संसर्गही कमी झाला असता. सुरतेत तर फूटपाथवर आणि मैदानात बसून खाण्याची जुनी सवय आहे. त्या सवयीचा उपयोग करून घ्यावा असं कुणाला सुचलं नाही, आणि विरोधकांनीही ते मागितलं नाही. त्यांची मागणी दोन तास वाढवा एवढीच राहिली.

भरपाईचा प्रश्न याहून मोठा होता. जून २०२१मध्ये विजय रूपाणी सरकारने हॉटेल, रिसॉर्ट, उपाहारगृहं आणि वॉटर पार्क यांना वर्षभराचा मालमत्ता कर आणि विजेचा स्थिर आकार माफ केला. हा निर्णय चांगला होता, आणि हॉटेल संघटनांनी तो पाठपुरावा करून मिळवला होता. पण ज्याच्या नावावर मिळकत आहे आणि विजेचं बिल येतं, त्यालाच तो लागू झाला. रात्री दहानंतर जिचा खरा धंदा सुरू होतो त्या अंडाभुर्जीच्या लारीला, म्हणजे हातगाडीला, मालमत्ता कर नसतोच, मग माफ काय होणार? तिच्या वाट्याला केंद्राच्या स्वनिधी योजनेतलं दहा हजारांचं कर्ज आलं. एकाला माफी मिळाली आणि दुसऱ्याला कर्ज मिळालं.

सुरतेत जेवणाची तिसरी पायरी आहे, ती बाहेरच्यांना दिसत नाही. ती म्हणजे मेस. ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातून आलेले हजारो लूम कामगार एकेका मोठ्या खोलीत राहतात. बारा तासांची पाळी करून एक जण येतो तेव्हा दुसरा उठून कामाला जातो, आणि त्याच जागेवर पहिला झोपतो. मेसवाला दोन वेळचं जेवण देतो, राहणं आणि खाणं एकाच हिशेबात. आमच्या खान्देशी पोरांच्या खानावळीही थोड्याफार अशाच. मार्च २०२०मध्ये कारखाने बंद झाले आणि दोन्ही पाळ्या एकाच वेळी त्या एका खोलीत आल्या. अंतर राखा हा नियम तिथे पाळता येण्यासारखाच नव्हता. १० एप्रिल २०२०च्या रात्री लसकाणा भागात कामगार रस्त्यावर आले, गाड्या जाळल्या गेल्या. ४ मे रोजी पलसाणा तालुक्यातल्या वरेलीत पोलिसांशी चकमक झाली, अश्रुधूर सोडावा लागला. त्यांची मागणी एकच होती, आम्हाला घरी जाऊ द्या. करोनाच्या नियमांवरची गुजरातेतली ही पहिली मोठी टीका मानावी लागेल. ती कुठल्या पक्षाने केली नव्हती आणि विधानसभेत तिचं भाषणही झालं नाही.

पक्षांची टीका धारदार झाली ती नियम मोडण्यावरून. त्यात सुरत आघाडीवर होतं. जुलै २०२०मध्ये वराछात संचारबंदी मोडणाऱ्यांना एका महिला पोलीस शिपायाने अडवलं. त्यांच्यासाठी तिथे आलेला होता राज्याचे तेव्हाचे आरोग्य राज्यमंत्री आणि वराछाचे आमदार कुमार कानाणी यांचा मुलगा. बोलाचालीच्या ध्वनिफिती देशभर फिरल्या. मुलाला आणि मित्रांना अटक झाली, लगेच जामीनही झाला. त्याच महिन्यात भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले सी. आर. पाटील, म्हणजे नवसारीचे खासदार, मूळचे जळगाव जिल्ह्यातले, आमच्या लिंबायतचा भाग ज्यांच्या मतदारसंघात येतो ते. ऑगस्टमध्ये त्यांनी दौरे आणि मिरवणुका केल्या. याच ऑगस्टच्या ११ तारखेपासून मास्क नसल्यास हजार रुपये दंड झाला होता. हजार रुपये म्हणजे लूमवरच्या माणसाची दोनेक दिवसांची कमाई. सप्टेंबरमध्ये पाटील स्वतः बाधित झाले.

पुढची घटना नवापूरच्याच वाटेवरची आहे. ३० नोव्हेंबर २०२०ला तापी जिल्ह्यात सोनगढजवळच्या दोसवाड्यात भाजपचे माजी मंत्री कांती गामीत यांच्या नातीचा साखरपुडा झाला. हजारोंचा जमाव गरबा खेळताना चित्रफितीत दिसला. त्या आठवड्यात सुरत शहरात रात्रीची संचारबंदी होती आणि लग्नाला माणसं मोजून बोलवावी लागत होती. उच्च न्यायालयाने दखल घेतली, गामीत यांना अटक झाली. त्याच दिवसांत मास्क न लावणाऱ्यांना कोविड केंद्रात सेवा करायला पाठवा, असा आदेशही उच्च न्यायालयाने दिला होता. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

पण काँग्रेस आणि ‘आप’च्या टीकेला जी गोष्ट खरी साक्ष देते ती संचारबंदीच्या तासांत लपलेली आहे. २१ फेब्रुवारी २०२१ला सुरत महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधी पाच दिवस, १६ फेब्रुवारीपासून, संचारबंदी सुरू होण्याची वेळ मध्यरात्री बारावर नेली गेली. तोवरची ती सर्वांत सैल वेळ. १४ फेब्रुवारीला बडोद्याच्या प्रचारसभेत मुख्यमंत्री रूपाणी व्यासपीठावरच कोसळले आणि दुसऱ्या दिवशी बाधित असल्याचं कळलं, तरी प्रचार थांबला नाही. सुरतेत १२०पैकी भाजपला ९३ आणि ‘आप’ला २७ जागा मिळाल्या, काँग्रेसला एकही नाही. २६ फेब्रुवारीला अरविंद केजरीवाल यांची विजययात्रा निघाली. तीही काही मोजक्या माणसांची नव्हती. अहमदाबादच्या मोटेरा मैदानात भारत–इंग्लंड सामन्यांना प्रेक्षक बसले, १६ मार्चपासून बंद झाले. आणि १७ मार्चपासून सुरतसह चार शहरांत संचारबंदी पुन्हा रात्री दहाला. मतदानाच्या आठवड्यात बारा आणि तीन आठवड्यांनी दहा, हे पाहिल्यावर हॉटेलवाल्याला संशय आला तर त्याला दोष देता येणार नाही.

सुरतेला साथीचा नियम म्हणजे काय हे नव्याने शिकायचं नव्हतं. सप्टेंबर १९९४च्या प्लेगमध्ये लाखो लोक शहर सोडून पळाले होते. त्यानंतर १९९५मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोल्यांतून रोज रस्त्यावर उतरवलं, अस्वच्छ खानावळींना टाळं लावलं, मिठाईवाल्यांना दंड केला. अतिक्रमणं पाडताना वजनदार लोकांच्या मिळकतींपासून सुरुवात केली. म्हणूनच त्यांच्या काळातला कडक नियम इथल्या लोकांना आजही अभिमानाने आठवतो. वडीलधारी माणसं त्या दिवसांबद्दल बोलताना दंडाची तक्रार करत नाहीत. २०२०–२१ला नियम तितका कडक नसूनही लोकांच्या मनात कडवटपणा राहिला आहे. मला याचं कारण एकच दिसतं. या वेळी नियम खालून वर लागू झाला.

चाचण्यांवरची टीका याहून गंभीर होती, आणि ती बहुतेक खरी ठरली. मे २०२०मध्ये गुजरातेत खासगी डॉक्टरला आपल्या रुग्णाची चाचणी करायची असेल तर सरकारी मंजुरी लागत होती. खासगी प्रयोगशाळेचा दर तेव्हा केंद्राने ४,५०० रुपयांपर्यंत ठरवला होता. न्यायमूर्ती जे. बी. पारडीवाला आणि इलेश व्होरा यांच्या खंडपीठापुढे हा विषय आला. सगळ्यांच्या चाचण्या केल्या तर सत्तर टक्के लोक बाधित निघतील आणि घबराट पसरेल, असं राज्याच्या बाजूने सांगण्यात आलं. चाचण्या नाकारायला हे कारण पुरेसं नाही, असं न्यायालयाने बजावलं. याच खंडपीठाने अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलला अंधारकोठडीची उपमा दिली होती. विरोधकांचा आरोप होता की सरकार आकडे दाबण्यासाठी चाचण्या कमी करतं. हेतूबद्दल मी बोलणार नाही, पण परिणाम तोच झाला.

पुढे दर उतरत गेले. डिसेंबर २०२०मध्ये गुजरातेत खासगी आरटीपीसीआर ८०० रुपयांवर आली. सुरतेत धन्वंतरी रथ, म्हणजे फिरते दवाखाने, गल्लीगल्लीत फिरले, कापड मार्केटच्या दारात तंबू ठोकून व्यापारी आणि हमालांच्या चाचण्या झाल्या. महापालिकेच्या कामगारांनी इथे मनापासून राबून काम केलं, हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तरी एप्रिल २०२१मध्ये सगळं कोलमडलं. उच्च न्यायालयाने स्वतःहून दाखल करून घेतलेल्या याचिकेत १२ एप्रिलला मुख्य न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि न्यायमूर्ती भार्गव कारिया यांनी सरकारला विचारलं की सामान्य माणसाचा अहवाल यायला चार-पाच दिवस का लागतात. अहवाल येईपर्यंत माणूस घरात सगळ्यांना बाधित करून दवाखान्यात गेलेला असे. आमच्या शेजारीही तसंच झालं. एका खासगी प्रयोगशाळेतून आलेला अहवाल हातात पडला तेव्हा आमचे शेजारी, ज्यांच्यासाठी तो आणला होता, ते प्राणवायूवर होते.

त्याच आठवड्यात रेमडेसिव्हिरसाठी रांगा लागल्या होत्या. सुरतच्या भाजप कार्यालयातून पाच हजार इंजेक्शनं मोफत वाटण्याची घोषणा सी. आर. पाटील यांनी केली. सरकारी दवाखान्यात नाही आणि पक्ष कार्यालयात आहे, हे कसं, असा प्रश्न सगळीकडून आला. ते पाटील यांनाच विचारा, असं मुख्यमंत्री म्हणाले. विरोधी पक्षनेते परेश धनाणी उच्च न्यायालयात गेले. रांगेतल्या अनेकांचा जीव त्या दिवशी खरंच त्या कुपीत अडकला होता, म्हणून मी वाटणाऱ्यांच्या भावनेवर शंका घेत नाही. पण औषधाचं वाटप कायद्याने बांधलेल्या यंत्रणेतून व्हायला हवं होतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेने २० नोव्हेंबर २०२०लाच दवाखान्यातल्या रुग्णांसाठी या औषधाची शिफारस करायचं टाळलं होतं, हे ना वाटणाऱ्यांनी सांगितलं ना टीका करणाऱ्यांनी.

चाचणी न होण्याची किंमत नंतर कागदावर आली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने करोनाने गेलेल्यांच्या वारसांना पन्नास हजार रुपये द्यायचे ठरले, तेव्हा जानेवारी २०२२पर्यंत गुजरातचा अधिकृत मृत्यूचा आकडा दहा हजारांच्या थोडा वर होता आणि आलेले अर्ज ८९ हजारांहून जास्त. त्यातले ६८ हजारांवर मंजूरही झाले. मदतीसाठीची व्याख्या मुद्दाम रुंद केलेली होती, त्यामुळे सगळी तफावत लपवाछपवीची म्हणता येत नाही. पण सुरतेच्या स्मशानात अखंड पेटलेल्या भट्ट्यांच्या जाळ्या वितळल्या होत्या, ते ज्यांनी पाहिलं त्यांना अर्जांचा आकडा आश्चर्याचा वाटला नाही.

लशीच्या सक्तीबद्दल थोडक्यात. जून २०२१मध्ये सरकारने मोठ्या शहरांत दुकानं आणि हॉटेलांतल्या माणसांना महिनाअखेरीपर्यंत पहिली मात्रा घ्या नाहीतर बंद करा, असं सांगितलं, आणि नेमकी त्याच दिवसांत लशीची टंचाई होती. व्यापारी पहाटेपासून रांगेत उभे राहून परत येत. मुदत वाढवावी लागली. टीका लशीवर नव्हतीच, रिकाम्या केंद्रावर होती. महाराष्ट्रात लोकलच्या प्रवासाला दोन मात्रांची अट लागली आणि तो आदेश मुंबई उच्च न्यायालयात गेला. २ मे २०२२ला सर्वोच्च न्यायालयाने कुणालाही बळजबरीने लस देता येणार नाही, आणि सध्याच्या स्थितीत लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे आहेत, असं म्हटलं. इंग्लंडमध्ये लस-दाखल्याच्या नियमाविरुद्ध डिसेंबर २०२१मध्ये सत्ताधारी पक्षाच्याच शंभराच्या घरातल्या खासदारांनी मत दिलं होतं. आपल्याकडे सत्ताधारी आमदाराने सभागृहात असं मत देणं कल्पनेतही येत नाही. म्हणून आपल्याकडचं हे काम न्यायालयांच्या अंगावर पडलं.

मग आली तिसरी मात्रा. तिला इथे बूस्टर न म्हणता ‘प्रिकॉशन डोस’ म्हटलं गेलं. १० जानेवारी २०२२पासून आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे कर्मचारी आणि साठीपुढचे व्याधीग्रस्त यांना ती मोफत मिळू लागली. त्याच आठवड्यात गुजरातेत हॉटेलं ७५ टक्के क्षमतेने रात्री दहापर्यंत आणि महाराष्ट्रात निम्म्या क्षमतेने दहापर्यंत होती. व्हायब्रंट गुजरात परिषद रद्द करावी म्हणून विरोधक ओरडत होते, सरकारने ती ६ जानेवारीला पुढे ढकलली. या लाटेत सरकारने टीका ऐकली, हे नोंदवलं पाहिजे.

१० एप्रिल २०२२पासून अठरापुढच्या सगळ्यांना ही मात्रा खुली झाली, पण फक्त खासगी केंद्रांत. लशीचे २२५ रुपये आणि वर सेवेचे दीडशेपर्यंत. चौघांच्या घराला दीड हजार. जुलैच्या मध्यापर्यंत १८ ते ५९ वयाच्या ७७ कोटी लोकांपैकी एक टक्काही लोकांनी ती घेतली नव्हती. मग स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्त १५ जुलैपासून ३० सप्टेंबरपर्यंत ‘७५ दिवसां’च्या मोहिमेत ती मोफत झाली. डिसेंबरमध्ये चीनमधल्या साथीमुळे पुन्हा धास्ती पसरली, तेव्हा केंद्रीय आरोग्यमंत्री मनसुख मांडविया यांनी राहुल गांधी यांना पत्र लिहून नियम पाळा, नाहीतर भारत जोडो यात्रा थांबवा असं सुचवलं. गुजरातच्या निवडणुकीत पंतप्रधानांच्या मिरवणुकांना हे नियम होते का, असं काँग्रेसने विचारलं. दोघांचेही मुद्दे आपापल्या जागी बरोबर होते. त्या दिवशी देशात पात्र लोकांपैकी पाऊणशे टक्क्यांच्या आसपास माणसं तिसऱ्या मात्रेविना होती, ते मात्र त्या भांडणात मागे पडलं.

मला त्या मोफत मोहिमेचे शेवटचे दोन दिवस लक्षात आहेत. दोन वर्षांनी नवरात्र पुन्हा मोकळेपणी भरलं होतं. २९ सप्टेंबर २०२२ला पंतप्रधान नरेंद्र मोदी सुरतेला आले, गोडादऱ्यापासून लिंबायतपर्यंत मिरवणूक निघाली, तीन हजार चारशे कोटींहून अधिक रुपयांच्या कामांचं भूमिपूजन आणि लोकार्पण झालं. रस्त्याच्या दोन्ही कडांना आमचीच माणसं उभी होती. लूमवरची, खानावळीतली, लारीवाली. त्या गर्दीत कुणी टेबल मांडून मात्रा देत असल्याचं मी पाहिलं नाही, आणि ते मांडा असं कुठल्या विरोधी नेत्याने म्हटल्याचंही मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी, ३० सप्टेंबरला, पाचव्या माळेला, मोफत मात्रेची मुदत संपली. त्या रात्री लिंबायतच्या चौकात गरबा उशिरापर्यंत चालला, आणि अंडाभुर्जीच्या लाऱ्या दहानंतरही उघड्या होत्या.